एक ३६० पुरेल का? आधी खोलीत थर्मामीटर लावा

मुलुंडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. रायझन ७ ९८००एक्स३डी हा प्रोसेसर (सीपीयू) आणि आरटीएक्स ५०८० हे ग्राफिक्स कार्ड, दोन्ही एकाच कस्टम लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरवून गार करणाऱ्या, स्वतः जोडलेल्या नळ्यांच्या फेरीत घ्यायचे आहेत. केसमध्ये, म्हणजे मशीनच्या पेटीत, वर ३६० चा रेडिएटर (१२० मिमीचे तीन पंखे बसतात तो; २४० म्हणजे दोन पंख्यांचा) आणि पुढे ३६० किंवा २४० बसेल एवढी जागा आहे. खोली दहा बाय अकराची, एसी नाही, छताला पंखा. खेळणं रात्री नऊ ते एक. लॅमिंग्टन रोडवरचा एक दुकानदार म्हणाला, एक ३६० भरपूर झाला. मित्र म्हणतो, दोन ३६० नसतील तर हात घालू नकोस. खरं कोणाचं मानायचं?

दोघांचंही खरं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. "माझ्या एवढ्या वॅटला किती रेडिएटर पुरेल" हा प्रश्नच अर्धा आहे. एका १२० च्या रेडिएटरवरसुद्धा तुमचं मशीन चालेल, फक्त पाणी कढत होईल आणि पंखे विमानासारखे वाजतील. पूर्ण प्रश्न असा विचारायचा: पाणी खोलीच्या हवेपेक्षा किती अंश वर गेलेलं मला चालेल, आणि तेवढ्यासाठी पंख्यांचा किती आवाज मी सहन करीन? हे दोन आकडे तुम्ही ठरवायचे, रेडिएटर त्यातून आपोआप निघतो.

माझा पहिला लूप कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेल्या गाडीच्या हीटर कोअरवर (गाडीतल्या हीटरच्या छोट्या रेडिएटरवर) होता, म्हणजे या धंद्यात बरंच पाणी सांडून झालंय. त्यातून एक गोष्ट पक्की डोक्यात बसली. रेडिएटर म्हणजे चहाची बशी. कपातला चहा बशीत ओतला की पसरतो, हवा जास्त लागते, लवकर निवतो. बशी मोठी तर पसारा मोठा, फुंकर जोरात तर आणखी लवकर. पंखा म्हणजे ती फुंकर. पण इथे माठाची आठवण काढू नका. माठ पाझरतो, पाण्याची वाफ होते, म्हणून त्यातलं पाणी खोलीपेक्षा गार होतं. रेडिएटर पाझरायला लागला तर तुम्ही मला वेगळाच प्रश्न विचाराल. बंद लूपमधलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार कधीच होत नाही, नेहमी काही अंश वरच राहतं.

आता आकडे. मी जो ठोकताळा वापरतो तो असा: नेहमीच्या जाडीचा, म्हणजे ३० मिमीच्या आसपासचा तांब्याचा रेडिएटर, पंखे बाराशे आरपीएमच्या आगेमागे, तर दर १२० मिमीला साधारण १०० वॅट जातात आणि पाणी आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंश वर राहतं. ठोकताळाच आहे, कंपनीगणिक आणि पंख्यागणिक बदलतो, पण दोन पर्यायांची तुलना करायला पुरतो. वॅट वाढले की अंश त्याच प्रमाणात वाढतात, एवढं लक्षात ठेवलं की बाकी त्रैराशिक.

५०८० चं रेटिंग ३६० वॅट. सीपीयूची कमाल मर्यादा १६२ वॅट असली तरी गेम खेळताना तो एवढा कधी ओढत नाही, मी ८५ धरतो. (तुम्ही रात्रभर व्हिडिओ रेंडर करणार असाल तर १६० धरा, तो वेगळा हिशोब.) पंपाचे पंधरा. झाले ४६०. पॉवर सप्लायमध्ये जी वीज वाया जाते ती यात मोजायची नाही, ती तापते तिथेच आणि तिचाच पंखा ती बाहेर फेकतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी यांची उष्णताही पाण्यात येत नाही.

४६० वॅटला एकच ३६० लावला तर पाणी हवेपेक्षा पंधरा-साडेपंधरा अंश वर. ३६० आणि २४० मिळून लावले तर सव्वानऊ. दोन ३६० लावले तर पावणेआठ. बघा, पहिल्या उडीत सहा अंश पडले, पुढच्या उडीत जेमतेम दीड. जेवढं वाढवत जाल तेवढा फायदा आटत जातो. मित्राचं म्हणणं चुकीचं नाही, पण त्याच्या शेवटच्या १२० मिमीची किंमत तुम्हाला दीड अंशासाठी मोजायची आहे.

हे "हवेपेक्षा वर" आहे, आणि हवा कोणती, इथेच मुंबईत सगळे फसतात. परदेशी व्हिडिओत खोली २१-२२ अंशांची असते. तिथे एका ३६० वर पाणी ३७ ला थांबतं आणि माणूस हसत हसत निरोप घेतो. तुमच्या मुलुंडच्या खोलीत मे महिन्यात रात्री दहालासुद्धा ३१-३२ असणार, भिंती दिवसभर तापलेल्या. मार्चमध्ये समुद्रावरचं वारं उशिरा सुटलं की दुपारचा पारा ३८ च्या वर जातो. सांताक्रूझला १९५२ च्या एप्रिलमध्ये ४२.२ अंश नोंदले गेले होते, पण तसल्या दिवसासाठी रेडिएटर घ्यायचा नसतो, त्या दिवशी मशीन बंद ठेवून ताक प्यायचं. आपण ३३ धरू. म्हणजे एका ३६० वर पाणी ४८, ३६०-२४० वर ४२, दोन ३६० वर ४१ च्या खाली.

त्या दुकानदाराच्या दुकानात एसी आहे. २६ अंशांच्या खोलीत एक ३६० पाणी ४१-४२ ला धरतो, म्हणजे तुमच्या घरी ३६०-२४० जे करेल तेच. तो खोटं बोलला नाही, स्वतःच्या खोलीचं उत्तर तुम्हाला देऊन मोकळा झाला.

आता खोलीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. तुमचं मशीन आणि मॉनिटर मिळून खेळताना भिंतीतून सहाशे वॅटच्या आसपास ओढणार. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच पडते. साध्या इस्त्रीच्या निम्म्याहून जास्त झालं हे. इस्त्री उलटी करून टेबलावर ठेवायची, दार लावायचं आणि चार तास शेजारी बसायचं, तसं. दादरला माझ्या आतल्या खोलीत मी एकदा मोजलं होतं. टेबलाखाली, पुढच्या पंख्यांपासून वीतभर अंतरावर, साधा डिजिटल थर्मामीटर टांगला. रात्री अकराला साडेतीस. दार-खिडकी बंद करून खेळलो, एक वाजता चौतीस. दुसऱ्या दिवशी दार उघडं आणि खिडकीतला एक्झॉस्ट चालू, एक वाजता साडेएकतीस. अडीच अंशांचा फरक, एका पैशाचा रेडिएटर न घेता. आईला मात्र रात्रभर एक्झॉस्टचा आवाज ऐकावा लागला, तिने तो विषय अजून सोडलेला नाही.

यातून आणखी एक समज निकालात निघतो. "मोठा रेडिएटर घेतला की खोली कमी तापेल" असं बरेच जण धरून चालतात. नाही. ४६० वॅट ते ४६० वॅटच. छोटा रेडिएटर तेवढेच बाहेर टाकतो, मोठाही तेवढेच टाकतो, फक्त मोठा ते काम पाणी कमी तापवून करतो. खोलीला काहीच फरक पडत नाही. पुढेमागे एसी लावणार असाल तर हेही धरा: एक टनाचा एसी म्हणजे सुमारे साडेतीन हजार वॅट उष्णता उपसण्याची ताकद, त्यातला सहावा हिस्सा एकटं तुमचं मशीन खाणार. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले एसी चालू केले की २४ वरच सुरू होतात. २६ वर ठेवलात तरी लूपचं काम होतं, बिलही आटोक्यात राहतं.

पाणी किती गरम झालेलं चालतं? पंप बनवणारे सहसा ६० अंशांच्या पुढे जाऊ नका म्हणतात, पीईटीजी प्लास्टिकची कडक नळीही त्याच सुमाराला मऊ पडायला लागते आणि फिटिंगच्या तोंडाशी सरकते. मी स्वतः ४५ ही रेघ आखून ठेवतो. ४५ ला कार्ड साधारण ५८-६० दाखवतं, पंखे शांत असतात, आणि काही बिघडलं तर हातात पंधरा अंशांची सवड असते. ४८ ला मशीन जळणार नाही, घाबरू नका. पण ४८ हा नव्या कोऱ्या, स्वच्छ मशीनचा आकडा आहे.

आणि मशीन स्वच्छ राहत नाही. गोरेगावच्या एका मुलाचं मशीन मी बांधलं होतं, ३६० एकच, पहिल्या आठवड्यात पाणी ४१. आठ महिन्यांनी त्याचा फोन, "दादा, पाणी ४७ जातंय, पंप गेला का?" पंप ठणठणीत होता. शेजारच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट चालू होतं, खिडकी त्याच बाजूला, आणि खोलीला लागून स्वयंपाकघर. पुढची जाळी काढली, पंखे सोडले, तर रेडिएटरवर करड्या रंगाचा थर, गोधडीच्या तुकड्यासारखा. नुसती धूळ फुंकरीने उडते, ही उडेना. फोडणीच्या तेलाचा वाफारा बसून बसून ती चिकट झाली होती. नखाने एक कोपरा सोडवला आणि अख्खा पट्टा एकसंध निघून हातात आला, उलट बाजूला फिन्सच्या, म्हणजे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांच्या, रेघा उमटलेल्या. मऊ ब्रश आणि ब्लोअरने अर्ध्या तासात साफ केला, संध्याकाळी पाणी परत ४२ ला. तेव्हापासून कोणी विचारलं की जादाचा २४० कशाला, तर मी सांगतो, पहिल्या दिवसासाठी नाही, आठव्या महिन्यासाठी. मुंबईत थोडी सवड विकत घेऊन ठेवायची ती धुळीसाठी आणि मे महिन्यासाठी.

आता ती सवड कुठे घ्यायची नाही, तेही सांगतो, कारण दुकानात लोक नेमकी तिथेच घेतात.

जाडीत घेऊ नका. ६० मिमीचा जाडजूड ३६० बघायला दणकट वाटतो. मी एकदा हौसेने घेतला. पंखा धरून ८५ मिमी झाले, टाकी हलवावी लागली, केबल कापून बारीक करायची वेळ आली. आणि बाराशे आरपीएमला पाणी किती उतरलं? दोन अंश. हळू फिरणाऱ्या पंख्याची हवा एवढ्या जाडीतून जाईपर्यंत स्वतःच गरम होते, मागच्या अर्ध्या भागाला ती फारसं काही देत नाही. जाड रेडिएटरचा फायदा पंखे जोरात फिरवणाऱ्यांना. आपल्याला शांतता हवी असेल तर पातळ, लांब, आणि फिन्स फार दाट नसलेला. दाट फिन्समध्ये धूळही लवकर अडकते.

टाकीतही घेऊ नका. मोठा रिझर्व्हॉयर लावला की पाणी गार राहील असं वाटतं. गच्चीवरची टाकी मोठी बांधली म्हणून पालिका जास्त पाणी सोडते का? पाव लिटर पाणी वाढवलं तर तापायला काही सेकंद जास्त लागतील, थांबेल त्याच आकड्यावर. दिसायला छान म्हणून घ्या, माझी हरकत नाही. म्हणूनच पहिल्या दहा मिनिटांचा आकडा कधी धरू नका, अर्धा तास खेळून झाल्यावरचा धरा.

"आधी कार्ड, मग रेडिएटर, मग सीपीयू" अशा क्रमातही काही नाही. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ४६० वॅट घेऊनही ते पूर्ण फेरीत दोन अंशांच्या आतच तापतं. नळी जिथून सरळ आणि आखूड जाईल तिथून न्या.

पंख्यांत मात्र पैसे घाला. बॉक्सवर हवेचा आकडा मोठा असतो, पण तो मोकळ्या हवेतला. फिन्समधून ढकलायला दाब लागतो, म्हणून रेडिएटरसाठी म्हणून विकले जाणारे, स्टॅटिक प्रेशर चांगलं असलेले पंखे घ्या. आणि पंख्यांचा वेग सीपीयूच्या तापमानावर नाही, पाण्याच्या तापमानावर बांधा. सीपीयू क्षणात २० अंश उड्या मारतो, त्यामागे पंखेही घरघर-शांत-घरघर करत राहतात. पाण्याचा सेन्सर दोन-चार नाण्यांएवढा असतो, मदरबोर्डवर त्याच्यासाठी दोन पिनांची जागा असेल तर फारच सोपं.

त्याच ओघात: सीपीयू ८० दाखवला म्हणून रेडिएटर वाढवायला धावू नका. या चिपचा तापणारा तुकडा नखाएवढा, त्यावर जाड झाकण. उष्णता तिथून ब्लॉकपर्यंत (चिपवर बसवलेला, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) येतानाच अडते. पाणी ४२ असताना सीपीयू ८० असेल तर आणखी एक रेडिएटर लावून पाणी ४० होईल आणि सीपीयू ७८. दुखणं तिथे नाही.

केसमधली मांडणी हा खरा "तुमच्यावर अवलंबून" भाग. पुढचा रेडिएटर बाहेरची हवा आत घेतो, वरचा आतली हवा बाहेर टाकतो, ही सगळ्यांची आवडती मांडणी. पण पुढच्यातून आलेली हवा चार-पाच अंश तापलेली असते आणि वरचा तीच घेतो. त्यामुळे मी वर दिलेले आकडे प्रत्यक्षात दीड-दोन अंशांनी वाढतात. दोन्ही रेडिएटर हवा आत घेतील असे लावले आणि मागे एक पंखा बाहेर टाकणारा ठेवला तर पाणी गार राहतं, आतल्या पेटीत थोडं उबतं. मी दुसरी मांडणी करतो, दोन्हीकडे जाळी लावून. हवा जाळीतूनच आत येते, फटींतून नाही, त्यामुळे धूळ कुठे साठणार हे तुम्ही ठरवता. वरची जाळी मात्र महिन्यातून एकदा झटकायला लागते, आणि त्यावर मांजर बसतं. आमचं बसतं.

एक जण नक्की सुचवेल की रेडिएटर खिडकीबाहेर टांग. करून पाहिलेले आहेत. पावसाळा, खारी हवा आणि कबुतरं, या तिघांपैकी कबुतरं सगळ्यात आधी पोचतात. दुसरा जण चिलर सुचवेल, म्हणजे फ्रिजसारखं पाणी थंड करणारं यंत्र. मे महिन्यात आपल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, पाणी त्याच्या खाली नेलंत की ब्लॉकवर आणि नळ्यांवर घाम फुटतो, बर्फाच्या ग्लासाला फुटतो तसा, आणि तो मदरबोर्डवर टपकतो. रेडिएटरवर ही भीती मुळीच नाही, कारण तो खोलीच्या खाली जातच नाही.

धातूंचं एकच वाक्य: सगळं तांबं-पितळ-निकेल, अॅल्युमिनियम कुठेही नको, नाहीतर एक धातू दुसऱ्याला खातो. नवा रेडिएटर जोडण्याआधी कोमट डिस्टिल्ड पाण्याने अर्धा भरून, तोंडं बंद करून, पाच मिनिटं खळखळून हलवा आणि पांढऱ्या टोपात ओता. डागकामाचे काळे-पिवळे कण तळाशी बसलेले दिसतील. कण यायचे थांबेपर्यंत करत राहा, नाहीतर ते कार्डच्या ब्लॉकमधल्या केसाएवढ्या खाचांत जाऊन बसतात.

तर तुमच्या यादीसाठी माझं उत्तर: वर ३६०, पुढे २४०, दोन्ही तीस मिमीच्या आसपासचे, पाच चांगले पंखे. दुसरा ३६० बसत असेल आणि खिसा जड असेल तर घ्या, पंखे हजारावर ठेवता येतील, दीड अंशापेक्षा खरा फायदा तो आवाजाचा. बजेट आत्ता एकाच ३६० चं असेल तरी सुरू करा, पण कार्डची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. ३६० वॅटचे २८८ होतात, पाणी सव्वादोन-अडीच अंशांनी उतरतं, आणि गेममधला फरक तुम्हाला आकडे लावल्याशिवाय कळणार नाही. माझं स्वतःचं कार्ड मार्च ते जून तसंच चालतं. २४० ची जागा आणि एक जादा नळी मात्र आत्ताच राखून ठेवा.

ऑर्डर देण्याआधी चार गोष्टी मोजा. आज रात्री एक वाजता टेबलाखालचं तापमान, दार लावून. आणि केसच्या छतापासून मदरबोर्डच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर: तीसचा रेडिएटर आणि पंचवीसचा पंखा मिळून ५५ मिमी सरळ लागतात, वर सीपीयूच्या पॉवर केबलला बोटभर जागा. लांबीही मोजा, तिथे फसू नका, ३६० चा रेडिएटर टोकाच्या टाक्या धरून ३९०-४०० मिमी भरतो. रॅम उंच असेल तर तिचीही उंची घ्या. हे चारही आकडे इथे टाका, मग कोणता मॉडेल ते बघू.